गाडीत रेकॉर्ड वाजेल का?

प्रश्न : वडिलांच्या मागं घरात बऱ्याच रेकॉर्डी राहिल्यात, थोड्या एलपी (मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या), बाकी जुन्या जाड ७८ फेऱ्यांच्या. पन्हाळ्याला जाता-येता गाडीत लावता येईल असं काही मिळतं का? भाच्यानं व्हिडिओ दाखवला, छोटी व्हॅन रेकॉर्डवर गोल गोल पळते आणि गाणं वाजतं! तसली घेऊ का?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : व्हिडिओ खरा आहे, पण वडिलांच्या रेकॉर्डवर ती व्हॅन अजिबात सोडू नका. तिच्या पोटाखाली पिन, आत स्पीकर, आणि सगळा बोजा बॅटरीसकट रेकॉर्डच्या अंगावर. चांगल्या प्लेअरची पिन दीड-दोन ग्रॅमच भार टाकते हो! शिवाय एलपीच्या बाहेरच्या कडेला पिनेखालून सेकंदाला ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २०-२२, म्हणजे व्हॅन एकाच वेगानं पळत राहिली तर आत जाईल तसा गायकाचा आवाज चिरका होत जाणार. भंगारात ओरखडलेली एखादी रेकॉर्ड मिळाली तर तिच्यावर पळवा, धमाल येते.

आता गाडीचं. हा नाद अमेरिकेत १९५६ लाच करून झालाय. क्रायस्लर या मोटार कंपनीनं डॅशबोर्डखाली प्लेअर बसवला, नाव हायवे हाय-फाय, डोकं सीबीएस कंपनीतल्या इंजिनिअर पीटर गोल्डमार्कचं. सात इंची रेकॉर्ड, मिनिटाला फक्त १६⅔ फेरे, एका बाजूला पाऊण तास! पण ती रेकॉर्ड खास वेगळी, काढणार एकटी कोलंबिया रेकॉर्ड कंपनी, घरातली चालणार नाही, मग कोण घेतंय? थोड्या वर्षांत गाशा गुंडाळला. १९६० ला आरसीए कंपनीनं ४५ फेऱ्यांच्या चौदा रेकॉर्डींची चळत लावणारा प्लेअर आणला, त्यात पिन चक्क खालून वर टेकायची. फिलिप्सच्यात रेकॉर्ड फटीतून आत सरकवायची. कल्पना एकेक भारीच, पण पिन खाचेत नुसती टेकलेली असते, धक्का बसला की उडणार, आणि उडू नये म्हणून भार वाढवला की खाच झिजणार. तिकडच्या हायवेवर ही तऱ्हा, तर आपल्याकडं पावसाळ्यानंतर शाहूपुरीतनं निघालेलं गाणं रंकाळ्यापर्यंत तरी धड पोचेल का, तुम्हीच सांगा.

तेव्हा पन्हाळ्यावर पोचा, गाडी लावा, मग वाजवा. त्यासाठी ऑडिओ-टेक्निका कंपनीचा साउंड बर्गर हा छोटा, सोबत नेता येणारा प्लेअर बरा, १९८३ चा, आता ब्लूटूथ घालून परत आणलाय. रेकॉर्ड मधोमध पकडतो, बाकी तबकडी दोन्हीकडून बाहेर फिरत राहते, तेवढा वाऱ्याचा आणि पोरांच्या हाताचा आडोसा बघा. पण तो ३३ आणि ४५ चाच, ७८ च्या त्यावर लावू नका, त्यांची खाच रुंद, पिनही जाड लागते. त्यांना चावीचा ग्रामोफोनच, आणि स्टीलची पिन दर बाजूला नवी.

आणि हो, एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर रेकॉर्डी बंद गाडीत टाकून झुणका-भाकरीला बसू नका, उन्हानं एलपी वाकडी झाली की परत सरळ होत नाही.