वॉर्डात मनाची विचारपूस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मिरजेतल्या एका रुग्णालयात मी वॉर्ड सिस्टर आहे. रुग्णांच्या मनःस्थितीची नोंद केसपेपरवर ठेवायला सांगितलंय. राऊंडला विचारलं की सगळे 'बरं हाय' म्हणतात. मोजायचं कशानं?

उत्तर : डॉक्टर, शेजारची कॉट आणि पायाशी उभा मुलगा यांच्यासमोर माणूस 'बरं हाय'शिवाय दुसरं बोलणार तरी काय? आधी जागा आणि वेळ नीट निवडा. भेटीची वेळ टाळा, पडदा ओढा, स्टूल घेऊन शेजारी बसा. ताप चढलाय, भूल उतरतेय किंवा नुकतंच झोपेचं औषध दिलंय, अशा वेळी विचारू नका.

दाखल रुग्णांसाठी आमची पसंती 'हॅड्स' या प्रश्नावलीला. झिगमंड आणि स्नेथ यांनी १९८३ मध्ये ती रुग्णालयांसाठीच तयार केली. प्रश्न १४ : ७ चिंतेचे, ७ उदासीचे, प्रत्येकाला ० ते ३ गुण, विचार मागच्या आठवड्याचा. दोन्ही बेरजा वेगळ्या लिहा. ७ पर्यंत ठीक, ८ ते १० काठावर, ११ किंवा जास्त असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना कळवा. बेरीज चुकते ती एका ठरावीक जागी : काही प्रश्नांचे पर्याय ३ पासून सुरू होतात, काहींचे ० पासून. घाईत सगळे एकाच दिशेने मोजले की उदास रुग्ण कागदावर बरा दिसतो.

हॅड्सला परवाना लागतो. उदासी मोजणारी ९ प्रश्नांची 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली विनामूल्य आहे, मराठीतही मिळते. पण तिच्यात झोप, थकवा आणि भूक यांचे प्रश्न आहेत. आजारानेच बिघडणाऱ्या या ३ गोष्टींतून ९ पर्यंत गुण जमू शकतात, आणि १० ला तर पुढच्या तपासणीची रेघ. म्हणून एकूण बेरजेसोबत पहिले दोन प्रश्न, म्हणजे कशात मन न लागणं आणि उदास वाटणं, वेगळे पाहा. त्या दोघांचे मिळून ३ किंवा जास्त गुण झाले तर दुर्लक्ष नको.

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे ० सोडून काहीही आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच पाळीत डॉक्टरांना सांगा आणि रुग्णाला एकटं सोडू नका. विचारल्याने असे विचार डोक्यात येतात ही भीती निराधार आहे. हा प्रश्न गाळायचा असेल, तर प्रश्नावली भरूच नका. घरी गेल्यावरच्या मदतीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक डिस्चार्ज कार्डावर लिहा.

वाचता न येणाऱ्यांना प्रश्न जसाच्या तसा, एका सुरात वाचून दाखवा. 'म्हणजे तसं काही नाही ना?' अशी पुस्ती जोडली की उत्तर तुमचं होतं. जतकडचा किंवा सीमेपलीकडचा रुग्ण कन्नड बोलत असेल, तर कन्नड येणारी सिस्टर बोलवा. सुनेकडून सासूचे प्रश्न विचारून घेऊ नका.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे, खुब्याचं ऑपरेशन झालंय. दोन दिवस गप्प आहेत, जेवत नाहीत; रात्री मात्र 'बैलं सोडा' म्हणत उठू पाहतात. उदासीची चाचणी करावी का? (तासगाव)

उत्तर : आत्ता नको. अचानक सुरू झालेलं आणि दिवसभरात कमी-जास्त होणारं हे लक्षण बहुधा भ्रमाचं (डिलिरियम, म्हणजे आजारात अचानक भान हरपणं) असतं, उदासीचं नव्हे. त्यांना वारांची नावं रविवारपासून उलटी म्हणायला सांगा. एरवी सहज जमणारं हे काम मध्येच तुटत असेल, तर आजच डॉक्टरांना गाठा. जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, रक्तातलं घटलेलं सोडियम, एखादं औषध, यांपैकी काही ना काही बहुतेकदा सापडतं. तोवर चष्मा आणि कानाचं यंत्र लावा, दिवसा खिडकी उघडी ठेवा, ओळखीचं माणूस जवळ बसवा. भ्रम उतरल्यावरच मनाची चाचणी खरी येते.

प्रश्न : डिस्चार्जच्या वेळी 'सेवा कशी वाटली' हा फॉर्म आम्ही भरून घेतो. तेवढं पुरे का? (सातारा)

उत्तर : नाही. त्यातून सेवेबद्दलचं मत कळतं. सेवेवर खूश असलेला माणूसही आतून खचलेला असू शकतो. तपासणीला परत येतील तेव्हा मन किती बरं आहे हे मोजणारी 'डब्ल्यूएचओ-५' ही छोटी प्रश्नावली द्या : मागच्या दोन आठवड्यांबद्दल ५ वाक्यं, प्रत्येकी ० ते ५ गुण, बेरजेला ४ ने गुणायचं. ५० किंवा कमी आले तर पीएचक्यू-९ भरून घ्या, आणि पुढच्या खेपेला तुलना करता यावी म्हणून आकड्यासोबत तारीख आणि विचारणाऱ्याचं नाव लिहा.