वायगावच्या हळदीचे गिऱ्हाईक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि हळदीच्या फेसबुकवरच्या जाहिरातीच्या हिशेबाचे फोटो मिळाले. आठवडाभरात नऊशे लाइक आले आणि पाकिटे मात्र तीनच गेली, म्हणून तू हळदीचीच प्रत तपासायला निघालास, हे वाचून हसू आले. दोष हळदीत नाही. जाहिरात कुठे दिसावी म्हणून तू समुद्रपूरभोवती 40 किलोमीटरचे वर्तुळ आखलेस. त्यात हिंगणघाट आले, गिरड आले आणि ज्यांची वर्षाची हळद स्वतःच्या किंवा सोयऱ्याच्या वावरातून येते अशी शेकडो घरेही आली. आपल्या भागातले पोरगे काही करते आहे, या कौतुकाने त्यांनी अंगठा दाबला. पाकीट ते कशाला घेतील?

ही चूक मीही केली आहे. दुकान नवीन असताना ठिबकच्या नळ्यांची जाहिरात मी ‘बूस्ट’चे, म्हणजे पैसे भरून जाहिरात पसरवण्याचे, बटण दाबून साऱ्या महाराष्ट्रात सोडली होती. थेट सांगलीहून फोन आले, पण तिकडे माल पोचवण्याचे भाडे मिळणाऱ्या नफ्याहून जास्त होते.

आता मोबाइल बाजूला ठेव आणि बिलबुक उघड. ज्यांनी दुसऱ्यांदा हळद मागवली, त्यांच्या पत्त्यांखाली रेघ ओढ. पुण्याच्या ज्या बाईंनी एकदम पाच किलो मागवून ठाण्याच्या बहिणीसाठीही विचारले, त्यांचे माहेर वर्ध्याकडचे असल्याचे तूच लिहिले आहेस. तुझे गिऱ्हाईक तिथे आहे : आपला भाग सोडून शहरात गेलेले, पण बाजारच्या हळदीवर भरवसा नसलेले कुटुंब. वायगाव हळदीला 2016 साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचे मोलही गावापेक्षा त्यालाच अधिक वाटेल. मात्र अधिकृत वापरकर्ता म्हणून तुझी नोंदणी होईपर्यंत मानांकनाचे चिन्ह पाकिटावर छापू नकोस.

तेव्हा पुणे, ठाणे, नागपूर अशी दोन-तीन शहरे निवड आणि वयाची मर्यादा सैल ठेव, कारण फार बारीक चाळणी लावली की जाहिरात महाग पडते. भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडण्याचा मोह आवर. तो रकाना माणसाची मातृभाषा पाहत नाही, त्याने फेसबुक कोणत्या भाषेत ठेवले आहे ते पाहतो, आणि शहरातल्या आपल्या पुष्कळ लोकांचे ते इंग्रजीत असते. भाषेची निवड मजकुरावर सोपव. पहिलीच ओळ अस्सल वऱ्हाडीत लिहिलीस, तर परका माणूस पुढे सरकेल आणि आपला माणूस थांबेल. ही चाळणी फुकट आहे आणि माझ्या अनुभवात इतर कोणत्याही रकान्यापेक्षा चोख चालते.

वेळही पाहा. कुरड्या, सरगुंडे आणि वर्षाचे तिखट-हळद भरून ठेवण्याची कामे उन्हाळ्यात होतात, म्हणून बहुतेक पैसा मार्च ते मे या महिन्यांतच घाल.

जुन्या ग्राहकांच्या मोबाइल क्रमांकांवरून त्यांच्यासारखी माणसे शोधण्याची जी सोय फेसबुकवर आहे, तिला एका देशातले किमान 100 लोक लागतात. तुझी बिले 64 आहेत, तेव्हा तूर्त थांब, आणि क्रमांक वापरण्यापूर्वी ग्राहकाची संमती घे. गुगलकडे नंतर वळ. मात्र तिथे ‘हळद भाव’, ‘हळद बियाणे’ आणि लग्नसराईत ‘हळदी ड्रेस’ शोधणारेही तुझ्या जाहिरातीवर टिचकी मारतील, म्हणून हे शब्द वगळण्याच्या यादीत आधीच टाक.

हिशेब लाइकवर करू नकोस. रोज 300 रुपयांप्रमाणे सात दिवसांचे 2,100 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 2,478 रुपये होतात. सात ऑर्डरी आल्या, तर प्रत्येकीवर 354 रुपये गेले. अर्ध्या किलोच्या पाकिटावर हे कधीच निघणार नाहीत. वर्षाची पाच किलो हळद घेणाऱ्या आणि पुढच्या वर्षी आपणहून फोन करणाऱ्या घरावर निघू शकतात. म्हणून जाहिरातीत लहान पाकीट दाखवणेच बंद कर.

पुढच्या पत्रात ऑर्डर देणाऱ्यांची गावे आणि जमल्यास त्यांची माहेरेही लिहून पाठव. यंदाची हळद दळून झाली की माझे दोन किलो बाजूला ठेव, आणि त्याचे बिल फाडायला विसरू नकोस.

तुझा,
काका