शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या जमत नाहीत, सुरुवात कुठून करू?

सूत्रं पाठ आहेत, पण पॉइंट लोड (एकाच जागी आलेला भार) मध्यावरून जरा सरकला की गाडी अडते, असं तुम्ही लिहिलंय. डिप्लोमाला माझंही तेच व्हायचं. मी खानापूरकडचा, दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात सगळं इंग्रजीतून. सूत्रं पाठ झाली, पण बीमच्या आत काय चाललंय ते दिसेना.

आधी सूत्र बाजूला ठेवा. बीमला तुळई म्हणा, कानडीत तोले म्हणा, ती मनातल्या मनात कापा आणि फक्त डावा तुकडा बघा. तो खाली-वर सरकू नये म्हणून उजव्या भागाने कापल्या जागी लावलेला जोर म्हणजे शिअर. तो फिरू नये म्हणून दिलेला उलटा फिरवणारा जोर म्हणजे मोमेंट.

समजा 4 मीटरचा बीम दोन्ही टोकांना टेकलाय आणि डावीकडून 1 मीटरवर 12 किलोन्यूटन भार आहे. डाव्या टोकाभोवती मोमेंट (जोर गुणिले अंतर) घ्या: उजवी रिॲक्शन, म्हणजे टेकूने वर दिलेला जोर, गुणिले 4 बरोबर 12×1. म्हणजे उजवीकडे 3, उरलेले 9 डावीकडे. आता डावीकडून 2 मीटरवर कापा. वर 9, खाली 12, म्हणून शिअर उणे 3. मोमेंट 9×2 − 12×1 = 6 किलोन्यूटन-मीटर. उजव्या तुकड्यावरून करून बघा, 3×2, तेही 6. जुळलं नाही तर बहुधा रिॲक्शनच चुकलीय. मी आजही दोन्हीकडून करतो. भाराखाली शिअर 9 वरून उणे 3 वर उतरतो, शून्य ओलांडतो, आणि तिथेच मोमेंट सगळ्यात मोठा: 9. भार पसरलेला असेल तर शिअरची रेघ तिरकी होते, मोमेंटची वक्र, एवढाच फरक.

छज्ज्याचं मात्र नीट समजून घ्या. मी शिकाऊ असताना एका घराच्या छज्ज्यात मुख्य सळई खालच्या अंगाला गेली होती. गवंडी म्हणाले, "तुळईला खालीच असते की!" टेकू काढल्यावर भिंतीलगत, वरच्या अंगाला, केसाएवढी चीर दिसली. दुसऱ्या दिवशी तिच्यात नाणं शिरत होतं. छज्जा पाडावा लागला. एका बाजूनेच धरलेल्या बीमला ताण वर येतो, आणि सगळ्यात जास्त भिंतीजवळ.

तेव्हापासून मी मोमेंटची आकृती ताण येणाऱ्या बाजूलाच काढतो, म्हणजे सळई कुठे हवी ते लगेच दिसतं. परीक्षेत मात्र तुमच्या सरांची पद्धत कोणती ते आधी विचारून घ्या.