बीएस्सी केमिस्ट्री झालीय, एमएस्सीची डिग्री मिळायला नक्की काय काय पूर्ण करावं लागतं?

महाराष्ट्रात नवीन पॅटर्नने दोन वर्षं, चार सेमिस्टर आणि साधारण 80 ते 88 क्रेडिट (प्रत्येक विषयाला अभ्यासाच्या तासांनुसार दिलेले गुणांक) पूर्ण केले की एमएस्सी मिळते. राज्य सरकारने 2023 मध्ये एनईपीसाठी (नवीन राष्ट्रीय शिक्षण धोरणासाठी) जो क्रेडिटचा आराखडा दिला त्यात हे आहे, आणि मी स्वतः ऑरगॅनिकमधून एमएस्सी केलीय त्यामुळे लॅबचं अनुभवाने सांगतो. क्रेडिट यातून येतात:

- मुख्य थिअरी पेपर, प्रॅक्टिकल आणि इलेक्टिव्ह
- रिसर्च मेथडॉलॉजी, 4 क्रेडिट
- ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट, 4 क्रेडिट
- दुसऱ्या वर्षी रिसर्च प्रोजेक्ट, तिसऱ्या सेमिस्टरला 4 आणि चौथ्याला 6

खरा कस प्रॅक्टिकलमध्ये लागतो, मिक्श्चर वेगळं करायचं, क्रिस्टलाइज करायचं, मेल्टिंग पॉइंट घ्यायचा आणि जर्नल (प्रयोगांची वही) त्याच आठवड्यात सही करून घ्यायचं, कारण जर्नल सर्टिफाय नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसायलाच अडचण येते. पहिल्या वर्षानंतर सोडलं तर पीजी डिप्लोमा मिळतो, डिग्री नाही. फक्त इंटर्नल-एक्स्टर्नल मार्कांची विभागणी आणि पासिंगचे नियम प्रत्येक युनिव्हर्सिटीचे, ऑटोनॉमस कॉलेजचे वेगळे असतात, तेव्हा ॲडमिशनआधी तिथला सिलॅबस नक्की वाचा.