धाप खरी, भीतीही खरी

प्रश्न : ताई, मी ६१ वर्षांची. विडी-सिगारेट कधी ओढली नाही, पण सगळा जन्म चुलीपुढे गेला. आता डॉक्टर सीओपीडी म्हणतात, म्हणजे फुप्फुसाचा जुनाट आजार. मध्यरात्री धाप लागून जाग येते, छाती धडधडते, आता संपलं असं वाटतं. औषधाचा पंप (इनहेलर) ओढला की धडधड अजूनच वाढते. मुलगा बोटाला ऑक्सिमीटर लावून म्हणतो, '९४ आहे, काही झालेलं नाही.' सून म्हणते, मनाचे खेळ. एकटीने बाथरूमला जायचीही भीती वाटते. शेजारणीने झोपेची गोळी दिलीय, घेऊ का?

उत्तर : आधी ती गोळी परत करा. झोपेच्या काही गोळ्यांनी श्वास मंदावतो, आणि तुमच्या आजारात ते महागात पडू शकतं. छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी गोळी घ्यायचीच नाही.

आता मुलाचं. त्याचा आकडा खरा आहे आणि तुमची धापही खरी आहे. ते यंत्र रक्तातला ऑक्सिजन मोजतं. श्वास घेताना किती कष्ट पडतात ते त्याला कुठून कळणार? सीओपीडीत श्वासाच्या नळ्या अरुंद होतात, म्हणून हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं अवघड जातं. घाबरलं की श्वास भराभर होतो, आधीची हवा पुरती सुटायच्या आत पुढची येते, छाती फुगलेलीच राहते. मग धाप वाढते, धापेने भीती वाढते. त्यामुळे 'मोठ्ठा श्वास घे' म्हणणाऱ्यांचं त्या वेळी ऐकू नका. तुम्हाला श्वास सोडायचाय.

पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसा, थोडं पुढे वाका, कोपरं मांडीवर टेकवा. दोन आकडे मोजत नाकाने श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून चार आकडे मोजत सोडा. बशीतला चहा निववताना घालतो तेवढीच हलकी फुंकर, जोर लावायचा नाही. हातपंखा किंवा छोटा पंखा तोंडासमोर धरा. चेहऱ्यावर गार वारा आला की धाप कमी जाणवते. हे सगळं दिवसा, बरं वाटत असताना रोज करून पाहा. रात्री अडीचला नवीन काही सुचत नसतं.

धाप लागल्यावर घ्यायच्या पंपाने हात थरथरतात, छाती धडधडते, हा औषधाचाच गुण. तो किती वेळा घ्यायचा हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि पंप ओढण्याची पद्धत त्यांना एकदा करून दाखवा. पद्धत चुकणारे पुष्कळ असतात.

मात्र ओठ निळसर पडले, एक वाक्यही सलग बोलता येईना, गुंगी किंवा भ्रम वाटला, छातीत दुखलं किंवा पंपाने उतारच पडला नाही, तर 'नुसती भीती आहे' असं समजून थांबू नका, १०८ ला फोन करा. हा परिच्छेद मुलाला आणि सुनेला वाचून दाखवा. 'मनाचे खेळ' म्हणून सोडून देण्यात धोका आहे, हे सूनबाईंनाही कळू दे.

बाथरूमला जाणं सोडू नका. धापेच्या भीतीने माणूस बसून राहतो, पायांचे स्नायू सैल पडतात आणि मग चार पावलांतच धाप लागते. सुरुवातीला कुणाला तरी दाराशी उभं करा. फुप्फुसाच्या रुग्णांना फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवतात, त्याबद्दल पुढच्या तपासणीत नक्की विचारा. त्याच वेळी भीतीबद्दलही बोला, तिच्यावरही उपचार आहेत. तोवर रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.