सोनेरी महालाच्या बागेत जलरंग

प्रश्न : आजवर मी छायाचित्रे पाहून घरीच जलरंगात चित्रे काढत आले. अलीकडे आम्ही काही मैत्रिणी छत्रपती संभाजीनगरच्या सोनेरी महालाच्या बागेत रंगवायला जातो. परंतु तेथे रंग पसरण्याआधीच सुकतो, सावल्या सरकतात आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेले दिसते. काय करावे?
— एक वाचक, जालना

उत्तर : चित्र काळवंडण्याचे कारण बहुधा आपली बैठक हे आहे. कागदावर थेट ऊन पडत असेल तर प्रत्येक रंग फिका भासतो, म्हणून हात नकळत गडद रंग उचलतो आणि घरातल्या उजेडात ती चूक उघडी पडते. तेव्हा कागद आणि पॅलेट दोन्ही सावलीत ठेवावीत. छत्री वापरायची असल्यास पांढरी किंवा काळी घ्यावी, कारण रंगीत छत्रीची छटा कागदावर उतरते.

सावल्यांच्या मागे धावू नये. बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत त्यांच्या कडा पेन्सिलने आखून घ्याव्यात आणि पुढे ऊन कितीही सरकले तरी त्या हलवू नयेत. कमानींची आतली बाजू मात्र काळ्या रंगाने भरू नका. नीट निरखले तर तिच्या वरच्या भागात उन्हाने तापलेल्या जमिनीचा पिवळसर उजेड परतलेला दिसतो, तर बाहेरच्या भिंतीवरची सावली आकाशामुळे निळसर असते. हा उबदार-थंड फरक पकडला की सतराव्या शतकात पहाडसिंह बुंदेल्याने बांधलेल्या या वास्तूचा भारदस्तपणा फारशा तपशिलांवाचूनही उतरतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो व इमारत सपाट दिसते, म्हणून हिवाळ्यातली सकाळ उत्तम.

कोरड्या हवेवर उपाय म्हणजे ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) सुती कागद मागूनही ओला करावा आणि पाण्यात ग्लिसरिनचे दोन-चार थेंब टाकावेत. जास्त झाल्यास रंग चिकट राहतो. आकाशाचा रंग आधी भरपूर कालवून ठेवावा, कारण अर्ध्यावर थांबून पुन्हा कालवताना कड सुकलीच म्हणून समजा.

महालात सरकारी संग्रहालय आहे, त्यामुळे ईझल (चित्र टेकवण्याची घडवंची) लावण्याविषयी तेथील कार्यालयात आधी विचारावे. कॅडमियम, कोबाल्टसारखे रंग विषारी असल्याने उरलेले पाणी वाफ्यांत न ओतता बाटलीत भरून परत आणावे.