परत खेळायला लागलो, म्हणजे परत वाया चाललो का?

"मॅडम, हा परत तोच गेम खेळून राहिला." माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या अश्विनीनं खुर्चीत नीट टेकायच्या आतच सांगून टाकलं. शेजारी तिचा नवरा नीलेश, वय 35, मान खाली. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दोघांच्या परवानगीनं लिहिते आहे.)

तिचा सगळा जोर 'परत' या शब्दावर होता. 2006-07 साली नीलेश अकरावी-बारावीत. क्लास नागपूरच्या धरमपेठेत आणि क्लासच्या नावाखाली मुक्काम सीताबर्डीच्या एका सायबर कॅफेत. रूनस्केप हा ऑनलाइन गेम तिथे ब्राउझरमध्येच उघडायचा, काही इन्स्टॉल करायची गरज नसायची. गेम फुकट, पण कॅफेचे तासाला वीस रुपये. बारावीला फिजिक्स राहिला. एका दुपारी बाबा थेट कॅफेत आले आणि सगळ्या पोरांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. पुढे डिप्लोमा, नोकरी, लग्न, मुलगी. गेमचं नावही त्या घरात कुणी काढलं नाही.

मागच्या मे महिन्यात, कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसला असताना त्याला कळलं की तो गेम अजून जिवंत आहे. कंपनीनं 2007 च्या ऑगस्टमधली जपून ठेवलेली प्रत फेब्रुवारी 2013 मध्ये पुन्हा सुरू केली होती. नकाशा तोच, गावं तीच. फक्त जुनं कॅरेक्टर कुणालाच परत मिळालं नाही, सगळ्यांनी तिसऱ्या लेव्हलपासून सुरुवात केली. नीलेशनंही तशीच केली. आणि पाच-सहा महिन्यांनी दोघं माझ्यासमोर बसले होते, एकच भीती घेऊन: हे व्यसन परतलं का?

हा प्रश्न माझ्याकडे आता वरचेवर येतो. पस्तिशी-चाळिशीतली माणसं, बहुतेक पुरुष, पण बायकाही. शाळा-कॉलेजातला एखादा गेम पुन्हा हाती लागलेला असतो. कुणाला मजा येते म्हणून अपराधी वाटतं, तर कुणाला पूर्वीसारखी मजा येत नाही म्हणून उदास वाटतं.

"किती तास खेळता?" हे मी आधी विचारत नाही. "खेळात नेमकं काय करता?" हे विचारते. नीलेश आधी बिचकला. मग सांगू लागला. सुरुवातीलाच एका वाड्यात एक स्वयंपाकी भेटतो. मालकाचा वाढदिवस आहे, केक करायचाय आणि सामान नाही. त्याला अंडं, दूध आणि पीठ आणून द्यायचं. पिठासाठी शेतातून गहू घ्यायचा, पवनचक्कीच्या वरच्या मजल्यावर नेऊन टाकायचा, दांडा ओढायचा आणि खाली येऊन मडक्यात पीठ भरायचं.

"तेव्हा हे मी शेकडो वेळा केलं असेल, नवीन नवीन अकाउंट काढून. पण त्याचं बोलणं एक ओळ वाचलं नव्हतं, मॅडम. नुसतं क्लिक करत सुटायचो. तासाचे पैसे चालू असायचे ना. इंग्रजीही कळत नव्हतं. आता वाचलं. किती विनोदी लिहिलंय त्यांनी!"

त्या काळात डोळा फक्त लेव्हलवर. सर्वांत वरची लेव्हल 99, तिला 1 कोटी 30 लाखांवर गुण लागतात, आणि 92 ला पोचलं तरी जेमतेम अर्धी वाट झालेली असते. हा हिशोब तो फिजिक्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर मांडायचा. आता? "झिंगे पकडतो. एका लेव्हलनंतर लॉबस्टर मिळतात, ते पकडतो. समुद्रकाठी उभा राहतो. दुसरा कुणी शेजारी मासे पकडत असला तर दोन शब्द बोलतो." अश्विनी त्याच्याकडे बघत होती. हे तिला त्यानं कधी सांगितलंच नव्हतं. स्क्रीन दिसली की ती खोलीबाहेर जायची आणि ती आली की तो लॅपटॉप मिटायचा. मला काळजी वाटली ती या मिटण्याची. अठरा वर्षांपूर्वी तो कॅफेच्या दाराकडे डोळा ठेवून खेळायचा. अजूनही तसाच खेळत होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात, जे जानेवारी 2022 पासून लागू झालं, गेमिंग डिसऑर्डर हा विकार नोंदलेला आहे. त्यात तासांचा आकडा नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतो, नुकसान होतंय हे दिसत असूनही थांबता येत नाही, आणि त्यापायी घर किंवा काम विस्कटतं: हे साधारण वर्षभर चाललं तर निदानाचा विचार होतो, फार तीव्र असेल तर त्याआधीही. नीलेशचं काम व्यवस्थित चालू होतं, मुलीला शाळेत तोच सोडत होता. या मापात तो बसत नव्हता. पण "काही नाही, खुशाल खेळा" म्हणून मी त्यांना परत पाठवलं नाही.

दोन आठवडे वही लिहायला सांगितली. बसण्याआधी काय चाललं होतं आणि उठल्यावर काय वाटलं, एवढंच. एक नोंद मला फार आवडली: '10:10 ते 10:55. मासे. उठलो, दुधाला विरजण लावलं.' बहुतेक नोंदी अशाच. दोन मात्र वेगळ्या. एकदा ऑफिसात साहेबांशी वाजलं होतं, एकदा मुलीच्या तापाच्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं. दोन्ही रात्री दोन वाजेपर्यंत, आणि उठल्यावर 'डोकं बधिर'. गेम तोच, मासे तेच. त्या रात्री तो समुद्रकाठी उभा नव्हता, लपला होता.

आम्ही काम केलं ते या दोन रात्रींवर. डोकं तापलेलं असेल त्या दिवशी लॅपटॉप उघडायचा नाही; आधी अश्विनीशी बोलायचं, जमलं नाही तर दोघांनी अंबाझरीपर्यंत चक्कर मारून यायची. बाकीच्या दिवशी खेळायचं ते हॉलमध्ये, उघड्यावर. अश्विनीला ही दुसरी अट जड गेली, कारण हॉलमध्ये बाबा बसतात. तुमच्या घरात नोंदी उलट्या निघाल्या, दोनऐवजी बारा रात्री तशा असल्या, तर मात्र समुपदेशकाकडे जाच. तेवढा धीर होत नसेल तर सरकारची टेलिमानस ही 14416 क्रमांकाची मोफत सेवा आहे.

चौथ्या भेटीत नीलेश एकटाच आला. बाबा आता पंच्याहत्तरीला टेकलेत. एका संध्याकाळी ते चष्मा लावून मागे येऊन उभे राहिले. याचा हात झाकणावर गेला होता, पण यानं लॅपटॉप मिटला नाही.

"काय करून राहिला?"

"मासे पकडून राहिलो, बाबा."

बराच वेळ ते बघत होते. मग विचारलं, "अन् पैसे?"

"लागत नाहीत आता."

बाबांनी खुर्ची ओढली आणि बसले.